अफूवर्गीय अवलंबनावरील जलद निर्विषीकरण : पद्धत, पुरावा आणि कुटुंबापुढील निवड

गोषवारा

गर्द, अफू व अफूवर्गीय वेदनाशामके यांच्या अवलंबनातून ‘एका दिवसात मुक्ती’ देणारा उपचार म्हणून वैद्यकीय देखरेखीखालील जलद निर्विषीकरणाचा गाजावाजा केला जातो. रुग्णास भूल देऊन, तो बेशुद्धावस्थेत असतानाच शरीरातील अफूवर्गीय द्रव्याचा परिणाम औषधाने तोडून टाकणे हे या पद्धतीचे मूलतत्त्व होय. प्रस्तुत लेखात या पद्धतीचा उगम, तिची क्रिया, तिच्याविषयी उपलब्ध असलेला शास्त्रीय पुरावा आणि महाराष्ट्रातील प्रस्थापित उपचारपरंपरा यांचा परामर्श घेण्यात आला आहे. निर्विषीकरण ही उपचाराची केवळ पहिली पायरी असून ती वेगाने चढल्याने पुढील वाट सोपी होत नाही. उलट निर्विषीकरणानंतरचे पहिले काही आठवडे रुग्णाच्या जिवाच्या दृष्टीने सर्वांत धोक्याचे असतात, हे या विवेचनाचे सूत्र आहे. मोडनिंबसारख्या गावातील कुटुंब आणि त्या कुटुंबातील विद्यार्थ्यांशी दररोज संबंध येणारे महाविद्यालयीन प्राध्यापक यांच्या दृष्टीने या माहितीचे महत्त्व शेवटी विशद केले आहे.

बीजसंज्ञा : अफूवर्गीय द्रव्ये, गर्द, निर्विषीकरण, वियोगलक्षणे, सहनशक्ती, पुनर्वसन.

१. प्रस्तावना

सोलापूर जिल्ह्याच्या माढा तालुक्यातील मोडनिंब हे पुणे–सोलापूर राष्ट्रीय महामार्गावरील आणि कुर्डुवाडी–पंढरपूर–मिरज लोहमार्गावरील बाजारपेठेचे गाव आहे. आसपासच्या वाड्यावस्त्यांवरील शेतमाल, विद्यार्थी आणि रुग्ण यांची ये-जा याच मार्गांनी होते. अशा गावातील एखाद्या घरचा तरुण पुण्या-मुंबईत नोकरीस वा शिक्षणास असताना गर्दच्या आहारी गेला, किंवा अपघातानंतर सुरू झालेल्या वेदनाशामक गोळ्या त्याला सोडवेनाशा झाल्या, तर घरच्यांना प्रथम धक्का बसतो. मग गोष्ट चारचौघांत जाऊ नये म्हणून धडपड होते आणि अखेरीस ‘याला न्यावे कोठे?’ हा प्रश्न उभा राहतो. अशा वेळी ‘त्रास नाही, वेदना नाही, एका रात्रीत मोकळा’ असे आश्वासन कानी पडले, तर त्यासाठी दागिने मोडण्याची वा जमीन गहाण टाकण्याचीही कुटुंबाची तयारी होते. लोकलाजेपोटी झटपट उपचार हवासा वाटणे स्वाभाविक आहे. म्हणूनच त्या आश्वासनाची शास्त्रीय छाननी आवश्यक ठरते.

प्रश्न लहान नाही. केंद्रीय सामाजिक न्याय मंत्रालयासाठी दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेच्या राष्ट्रीय व्यसनोपचार केंद्राने केलेल्या आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या सर्वेक्षणानुसार देशातील २.१ टक्के लोक, म्हणजे सुमारे २ कोटी २६ लाख व्यक्ती, अफूवर्गीय द्रव्यांचे सेवन करीत होत्या. त्यांत हेरॉइन १.१४ टक्के, औषधी अफूवर्गीय द्रव्ये ०.९६ टक्के आणि अफू ०.५२ टक्के अशी विभागणी होती. सुमारे ७७ लाख व्यक्तींना या सेवनामुळे उपचारांची गरज होती. ज्या मोजक्या राज्यांत मिळून अशा व्यक्तींपैकी निम्म्याहून अधिक आढळल्या, त्यांत महाराष्ट्राचा समावेश आहे.

२. उद्दिष्टे

प्रस्तुत लेखाची उद्दिष्टे पुढीलप्रमाणे आहेत :
(१) अफूवर्गीय अवलंबन आणि वियोगलक्षणे यांमागील शारीरिक प्रक्रिया स्पष्ट करणे.
(२) जलद निर्विषीकरणाची पद्धत व तिच्याविषयीचा पुरावा यांचे विवेचन करणे.
(३) महाराष्ट्रातील दीर्घ मुदतीच्या उपचारपरंपरेशी तिची तुलना करणे.
(४) कुटुंब व महाविद्यालय यांनी निर्णय घेताना विचारावयाचे प्रश्न निश्चित करणे.

३. अफूपासून गर्दपर्यंत

दिवाळीच्या अनारशांवर लावली जाणारी खसखस ही ज्या झाडाची बी आहे, त्याच झाडाच्या कच्च्या बोंडाला चीर दिल्यावर स्रवणारा चीक म्हणजे अफू. आयुर्वेदात ‘अहिफेन’ या नावाने ती मध्ययुगापासून परिचित आहे. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी जर्मन औषधनिर्माता सर्ट्युर्नर याने अफूपासून मॉर्फीन वेगळे केले. १८७४ मध्ये मॉर्फीनवर प्रक्रिया करून प्रथम तयार झालेले द्रव्य जर्मनीच्या बायर कंपनीने १८९८ मध्ये ‘हेरॉइन’ या नावाने खोकल्याचे औषध म्हणून बाजारात आणले. व्यसन लावणारे हे द्रव्य आरंभी औषधाच्या दुकानातून घरोघर गेले, हे लक्षात ठेवण्याजोगे आहे.

महाराष्ट्राचा या व्यवहाराशी जुना संबंध आहे. माळव्याची अफू मुंबई बंदरातून चीनला जात असे आणि मुंबईतील अनेक व्यापारी घराण्यांची संपत्ती त्या व्यापारावर उभी राहिली. विसाव्या शतकाच्या आरंभी मुंबईतील गिरणी कामगार स्त्रिया कामावर जाताना तान्ह्या मुलांना झोपवून ठेवण्यासाठी अफूमिश्रित गोळी देत. स्वातंत्र्यानंतर १९४९ च्या अखिल भारतीय अफू परिषदेत, औषधी व शास्त्रीय उपयोग वगळता, अफूचे सेवन दहा वर्षांत बंद करण्याचे धोरण ठरले. परंतु १९८० च्या दशकात मुंबई-पुण्यात अशुद्ध हेरॉइन, म्हणजे ‘ब्राउन शुगर’, ‘गर्द’ या नावाने स्वस्त पुड्यांमधून पसरले. १९८५ मध्ये गुंगीकारक औषधी द्रव्ये व मनोव्यापारांवर परिणाम करणारे पदार्थ अधिनियम, म्हणजेच एनडीपीएस कायदा, संमत झाला त्यामागे ही पार्श्वभूमीही होती.

आज या वर्गात गर्दखेरीज ट्रामाडॉल, कोडीनयुक्त खोकल्याची औषधे, पेंटाझोसीन यांसारखी औषधेही मोडतात. मार्च २०१४ पासून ही औषधे ‘एच-१’ अनुसूचीत आहेत, म्हणजे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय ती विकता येत नाहीत आणि विक्रीची स्वतंत्र नोंद ठेवणे औषधविक्रेत्यावर बंधनकारक आहे. २०१८ मध्ये ट्रामाडॉल एनडीपीएस कायद्याखालीही आणण्यात आले.

येथे एक भेद स्पष्ट करणे अगत्याचे आहे. ऑक्टोबर २०२३ मध्ये सोलापूरलगतच्या चिंचोळी औद्योगिक वसाहतीतील पोलिस कारवाईमुळे चर्चेत आलेले मेफेड्रोन, म्हणजे ‘एमडी’, हे उत्तेजक द्रव्य असून ते अफूवर्गीय नव्हे. गांजा आणि दारू हीदेखील अफूवर्गीय नव्हेत. जलद निर्विषीकरणात वापरली जाणारी औषधे केवळ अफूवर्गीय द्रव्यांनाच लागू पडतात. कोणत्याही व्यसनावर हीच प्रक्रिया चालते असे कोणी सांगत असेल, तर तो दावा मुळातच अशास्त्रीय आहे.

४. अवलंबन आणि वियोगलक्षणे

मेंदूतील चेतापेशींवर अफूवर्गीय द्रव्यांना प्रतिसाद देणारी विशिष्ट ग्राही स्थाने असतात, हे १९७३ मध्ये कँडेस पर्ट व सॉलोमन स्नायडर यांनी दाखवून दिले. पाठोपाठ १९७५ मध्ये शरीर स्वतःच तयार करीत असलेली तत्सम द्रव्ये ह्यूज आणि कॉस्टरलिट्झ यांनी शोधली. वेदना सहन करणे, तणावातून सावरणे, समाधान अनुभवणे या क्रियांत ही नैसर्गिक द्रव्ये भाग घेतात. बाहेरून घेतलेले हेरॉइन वा मॉर्फीन त्याच ग्राही स्थानांवर अधिक जोराने काम करते.

सेवन नित्याचे झाल्यावर मेंदू या अतिरिक्त दाबाशी जुळवून घेतो. पूर्वीचाच परिणाम मिळण्यासाठी अधिक मात्रा लागते. यालाच सहनशक्ती वाढणे म्हणतात. मेंदूच्या खोडातील लोकस सेरुलियस या केंद्राचे काम अफूवर्गीय द्रव्यांमुळे दबते, म्हणून ते केंद्र भरपाईदाखल आपली क्षमता वाढवून ठेवते. द्रव्य अचानक बंद झाले की दाब निघून जातो, भरपाई मात्र शिल्लक राहते. परिणामी हे केंद्र बेसुमार कार्य करू लागते आणि नॉरअॅड्रेनॅलिनचा लोंढा शरीरभर पसरतो.

हेरॉइनच्या बाबतीत शेवटच्या मात्रेनंतर साधारणतः ८ ते १२ तासांत वियोगलक्षणे सुरू होतात, ३६ ते ७२ तासांत ती कळसाला पोहोचतात आणि सात ते दहा दिवसांत बहुतांशी ओसरतात. जांभया, नाका-डोळ्यांतून पाणी, अंगावर काटा, विस्फारलेल्या बाहुल्या, उलट्या, जुलाब, पोटात कळा, हाडे मोडल्यासारख्या वेदना आणि अखंड निद्रानाश ही त्यांची रूपे होत. गर्द घेणाऱ्यांच्या भाषेत या अवस्थेला ‘टर्की’ म्हणतात. या टर्कीची भीती हेच अनेकांच्या बाबतीत सेवन चालू राहण्याचे आणि उपचार टाळण्याचे मोठे कारण असते.

ही अवस्था अत्यंत यातनामय असली, तरी एरव्ही धडधाकट असलेल्या प्रौढ व्यक्तीच्या बाबतीत शरीरातील पाणी व क्षार यांची काळजी घेतल्यास ती सहसा प्राणघातक नसते. दीर्घकाळ दारू पिणाऱ्या व्यक्तीची दारू अचानक बंद केल्यास मात्र झटके आणि भ्रमावस्था येऊन प्राण जाऊ शकतो. यातून एक महत्त्वाची गोष्ट निष्पन्न होते. अफूवर्गीय वियोग हा सामान्यतः सोसता येण्याजोगा आणि साध्या औषधांनी सौम्य करता येण्याजोगा असेल, तर तो टाळण्यासाठी भूल देण्याचा धोका पत्करावा काय, हा प्रश्न रास्त ठरतो.

५. जलद निर्विषीकरणाची पद्धत

निर्विषीकरणाचा नेहमीचा मार्ग दोन प्रकारचा आहे. पहिल्या प्रकारात दीर्घकाळ परिणाम करणारे अफूवर्गीय औषध देऊन त्याची मात्रा काही दिवसांत उतरवीत नेतात. दुसऱ्या प्रकारात वियोगलक्षणांवर तेवढे उपचार करतात. रक्तदाबावरील क्लोनिडीन हे औषध लोकस सेरुलियसची अतिक्रियाशीलता कमी करते, हे १९७८ मध्ये गोल्ड, रेडमंड व क्लेबर यांनी दाखवून दिल्यावर या दुसऱ्या प्रकाराला शास्त्रीय आधार मिळाला.

अफूवर्गीय द्रव्यांना ग्राही स्थानांवरून हुसकावून लावणारी नालोक्सोन आणि नाल्ट्रेक्सोन ही विरोधी औषधे आहेत. अवलंबन असलेल्या व्यक्तीस ती दिली की काही मिनिटांतच तीव्र वियोगलक्षणे उद्भवतात. लक्षणे तीव्र होतात, परंतु त्यांचा काळ आखूड होतो. १९८० च्या दशकाच्या आरंभी क्लोनिडीनच्या आधारे ही औषधे देऊन निर्विषीकरण काही दिवसांत आटोपण्याचे प्रयोग झाले. रुग्ण जागा असतानाच होणाऱ्या या पद्धतीस ‘जलद’ निर्विषीकरण म्हणतात. त्याच दशकाच्या उत्तरार्धात व्हिएन्ना येथे नॉर्बर्ट लॉइमर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रुग्णास पूर्ण भूल देऊन ही क्रिया काही तासांवर आणली. हे ‘अतिजलद’ निर्विषीकरण होय. १९९० च्या दशकात युरोप व अमेरिकेतील खासगी केंद्रांनी त्याचा व्यापारी तत्त्वावर प्रसार केला. ‘झोपेत व्यसनमुक्ती’ अशी जाहिरात सामान्यतः या दुसऱ्या पद्धतीचीच असते.

अतिजलद पद्धतीत रुग्णास उपाशीपोटी दाखल करून शिरेतून भूल देतात, श्वासनलिकेत नळी घालून श्वासोच्छ्वास यंत्रावर ठेवतात आणि त्यानंतर विरोधी औषध शिरेतून वा जठरात सोडलेल्या नळीतून देतात. वियोगाचा उद्रेक रुग्ण बेशुद्ध असताना घडतो. त्या काळात हृदयाचे ठोके, रक्तदाब, प्राणवायूचे प्रमाण आणि क्षारांचा समतोल यांवर अखंड लक्ष ठेवावे लागते. शुद्धीवर आल्यानंतर रुग्णास नाल्ट्रेक्सोन सुरू करतात. ही गोळी नियमित घेतली जाते तोवर गर्द घेतले तरी त्याची गुंगी जाणवत नाही.

या वर्णनावरून स्पष्ट होते की ही प्रक्रिया खरोखरच करावयाची झाल्यास भूलतज्ज्ञ आणि अतिदक्षता विभाग अनिवार्य ठरतात. साध्या खोलीत, गुंगीच्या इंजेक्शनांच्या आधारे केलेला असा प्रकार हा उपचार नसून जिवाशी खेळ आहे.

६. पुरावा काय सांगतो?

या पद्धतीची सर्वांत काटेकोर चाचणी अमेरिकेतील कोलंबिया विद्यापीठात एरिक कॉलिन्स आणि सहकाऱ्यांनी केली. तिचे निष्कर्ष २००५ मध्ये प्रसिद्ध झाले. हेरॉइनवर अवलंबून असलेल्या १०६ व्यक्तींची यादृच्छिक पद्धतीने तीन गटांत विभागणी करण्यात आली. एका गटास भूल देऊन, दुसऱ्यास ब्युप्रेनॉर्फिन देऊन आणि तिसऱ्यास क्लोनिडीन देऊन निर्विषीकरण करण्यात आले. त्यानंतर सर्वांना बारा आठवडे नाल्ट्रेक्सोन आणि समुपदेशन देण्याचे योजिले होते.

भूल दिलेल्या गटातील ९४ टक्के, ब्युप्रेनॉर्फिन गटातील ९७ टक्के आणि क्लोनिडीन गटातील २१ टक्के व्यक्ती नाल्ट्रेक्सोन सुरू करण्याच्या टप्प्यापर्यंत पोहोचल्या. बारा आठवड्यांच्या अखेरीस मात्र भूल गटातील ३५ पैकी ७, ब्युप्रेनॉर्फिन गटातील ३७ पैकी ९ आणि क्लोनिडीन गटातील ३४ पैकी ३ व्यक्तीच उपचारात टिकल्या. वियोगलक्षणांची तीव्रता तिन्ही गटांत जवळपास सारखीच होती. भूल उतरल्यावर वेदना उरत नाहीत, हा प्रचारही त्यामुळे टिकला नाही. शिवाय भूल गटातील तीन व्यक्तींना जिवावर बेतणाऱ्या गुंतागुंतींना तोंड द्यावे लागले. तात्पर्य, जिभेखाली ठेवावयाच्या ब्युप्रेनॉर्फिनच्या गोळीने जे साधले, त्याहून अधिक असे भूल व यंत्रे यांनी काहीही साधले नाही. धोका तेवढा वाढला.

२०१० मध्ये गोइंग व सहकाऱ्यांनी कॉक्रेन संस्थेसाठी घेतलेल्या आढाव्यात एकूण ११०९ व्यक्तींचा समावेश असलेले नऊ अभ्यास तपासण्यात आले. गाढ गुंगी वा भूल देऊन केलेल्या निर्विषीकरणाचे धोके व खर्च पाहता त्याचा पुरस्कार करता येत नाही, असा त्याचा निष्कर्ष होता. २०१२ मध्ये न्यूयॉर्क शहरातील एका केंद्रात ही प्रक्रिया केलेल्या ७५ रुग्णांपैकी दोघांचा मृत्यू झाला आणि आणखी पाच जणांना गंभीर गुंतागुंतीमुळे रुग्णालयात दाखल करावे लागले. अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने २०१३ मध्ये ही माहिती प्रसिद्ध केली. ब्रिटनच्या ‘नाइस’ या संस्थेने २००७ मध्ये भूल देऊन केले जाणारे अतिजलद निर्विषीकरण रुग्णांना देऊच नये असे बजावले, तर जागतिक आरोग्य संघटनेच्या २००९ च्या मार्गदर्शक सूचनांतही गाढ गुंगीसह विरोधी औषधे वापरू नयेत असे नमूद आहे.

७. खरा धोका : निर्विषीकरणानंतरचे आठवडे

प्रक्रियेतील धोक्यापेक्षाही अधिक दुर्लक्षिला जाणारा धोका नंतरचा आहे आणि तो सावकाश केलेल्या निर्विषीकरणासही लागू आहे. निर्विषीकरणाने शरीराची वाढलेली सहनशक्ती झपाट्याने उतरते. सेवनाची ओढ मात्र उतरत नाही. ती जुने मित्र, जुन्या जागा, पगाराचा दिवस आणि घरातील भांडण यांच्याशी बांधलेली असते. महिन्यापूर्वी जी मात्रा रोजची होती, तीच मात्रा मोहाच्या एका क्षणी पुन्हा घेतल्यास श्वसनकेंद्र दबून मृत्यू ओढवतो. घरच्यांच्या लेखी मुलगा ‘बरा होऊन’ आलेला असतो आणि नेमके त्याच वेळी त्याचे शरीर सर्वाधिक असुरक्षित असते.

लंडनमधील जॉन स्ट्रँग आणि सहकाऱ्यांनी २००३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात निर्विषीकरणासाठी दाखल झालेल्या १३७ रुग्णांचा पाठपुरावा करण्यात आला. अतिमात्रेमुळे झालेले तिन्ही मृत्यू चार महिन्यांच्या आत झाले आणि ते तिघेही उपचार यशस्वीपणे पूर्ण करून सहनशक्ती गमावलेल्या ३७ जणांच्या गटातील होते. उपचार अर्धवट सोडलेल्यांपैकी एकही जण अतिमात्रेने दगावला नाही. याचा अर्थ उपचार टाळावा असा नव्हे. उपचार पूर्ण झाला असे ज्या दिवशी मानले जाते, त्या दिवसापासून खरी सावधगिरी सुरू व्हावयास हवी, असा त्याचा अर्थ आहे.

८. सावकाश मार्ग : औषध आणि माणसांची साथ

या धोक्यावर उतारा म्हणून दोन मार्ग पुढे आले आहेत आणि ते परस्परपूरक आहेत. पहिला मार्ग औषधाच्या दीर्घकालीन आधाराचा. ब्युप्रेनॉर्फिन हे अंशतः अफूवर्गीय परिणाम करणारे औषध आहे. ते ओढ आणि वियोगलक्षणे शमविते, परंतु श्वसनावरील त्याचा परिणाम एका मर्यादेपलीकडे वाढत नाही. मेथाडोन व ब्युप्रेनॉर्फिन या दोन्ही औषधांचा समावेश जागतिक आरोग्य संघटनेने २००५ मध्ये अत्यावश्यक औषधांच्या यादीत केला. भारतात राष्ट्रीय एड्स नियंत्रण कार्यक्रमाच्या तिसऱ्या टप्प्यात, म्हणजे २००७ नंतर, सुईने नशा करणाऱ्यांसाठी ही सेवा शासकीय पातळीवर विस्तारण्यात आली. २०१७ मध्ये सोर्डो व सहकाऱ्यांनी १९ समूह-अभ्यासांच्या आधारे दाखविले की मेथाडोन उपचार चालू असताना मृत्यूचे प्रमाण दर हजार व्यक्ती-वर्षांमागे ११.३ होते, तर उपचार सुटल्यावर ते ३६.१ झाले. ‘एका व्यसनाऐवजी दुसरे व्यसन’ असा या औषधांवर घेतला जाणारा आक्षेप या आकड्यांपुढे टिकत नाही. मधुमेही व्यक्ती रोज इन्शुलिन घेते, त्यास कोणी व्यसन म्हणत नाही.

दुसरा मार्ग माणसांच्या साथीचा असून त्याचे महाराष्ट्रातील ठळक उदाहरण म्हणजे पुण्याचे मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र. गर्दने उद्ध्वस्त झालेल्या तरुणांवर अनिल अवचट यांनी लेखन केले. त्यांच्या पत्नी डॉ. अनिता (सुनंदा) अवचट या मनोविकारतज्ज्ञ होत्या. पु. ल. देशपांडे आणि सुनीताबाई यांच्या आर्थिक पाठबळाने २९ ऑगस्ट १९८६ रोजी हे केंद्र सुरू झाले. १९९७ मध्ये डॉ. अनिता अवचट यांचे निधन झाल्यावरही त्यांची कन्या मुक्ता पुणतांबेकर आणि सहकारी यांनी ते चालू ठेवले. तेथील निवासी उपचार पस्तीस दिवसांचा आहे. त्यांत टर्कीचे दिवस थोडेच. उरलेला काळ समुपदेशन, गटचर्चा, दिनक्रमाची घडी आणि कुटुंबाचे प्रबोधन यांसाठी असतो. पूर्वी स्वतः व्यसनी असलेले अनेक जण तेथे कार्यकर्ते म्हणून नव्या रुग्णांच्या पाठीशी उभे राहतात आणि केंद्रातून बाहेर पडल्यानंतरही पाठपुरावा सुरू राहतो. मुंबईत फादर जो परेरा यांनी १९८१ मध्ये स्थापन केलेल्या कृपा फाउंडेशननेही निवासी उपचार आणि परस्परसाह्य यांवर भर दिला आहे.

एक दिवस आणि पस्तीस दिवस यांतील फरक केवळ कालावधीचा नाही. पहिल्या पद्धतीत रुग्ण बेशुद्ध असताना त्याच्यावर काही केले जाते. दुसऱ्या पद्धतीत रुग्ण शुद्धीवर राहून स्वतः काही शिकतो. व्यसन पुन्हा लागण्याचे क्षण जागेपणीच यावयाचे असल्याने त्यांना तोंड देण्याची तयारीही जागेपणीच व्हावी लागते.

९. मोडनिंबच्या कुटुंबापुढील निवड

मोडनिंबहून पूर्वेस सोलापूर आणि पश्चिमेस पुणे या दोन्ही दिशांना उपचारांची सोय आहे. सोलापुरात १९६३ मध्ये स्थापन झालेले डॉ. वैशंपायन स्मृती शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आणि त्यास संलग्न असलेले छत्रपती शिवाजी महाराज सर्वोपचार रुग्णालय आहे. पहिला सल्ला शासकीय रुग्णालयातील मनोविकारतज्ज्ञांचा घेतल्यास खर्च मर्यादित राहतो आणि दिशाभूल टळते. घरबसल्या मार्गदर्शनासाठी व्यसनमुक्तीची १४४४६ आणि मानसिक आरोग्याची ‘टेलिमानस’ १४४१६ या निःशुल्क दूरध्वनी सेवा आहेत.

कोणत्याही केंद्रात दाखल करण्यापूर्वी कुटुंबाने पुढील प्रश्न विचारणे हिताचे आहे :
(१) केंद्र मानसिक आरोग्य अधिनियम, २०१७ अन्वये नोंदणीकृत आहे काय?
(२) रुग्णास तपासणारे मनोविकारतज्ज्ञ कोण आणि ते केव्हा उपलब्ध असतात?
(३) भूल वा गाढ गुंगी देणार असल्यास भूलतज्ज्ञ व अतिदक्षतेची सोय आहे काय आणि हा मार्ग का निवडला, याचे लेखी स्पष्टीकरण मिळेल काय?
(४) निर्विषीकरणानंतर कोणते औषध, किती काळ आणि कोणाच्या देखरेखीखाली द्यावयाचे?
(५) घरी परतल्यावर पाठपुरावा कसा होणार?
(६) रुग्णास मारहाण, बांधून ठेवणे असे प्रकार होत नाहीत, याची खात्री काय?

चौथ्या आणि पाचव्या प्रश्नाचे समाधानकारक उत्तर नसेल, तर पहिल्या दिवसाचा उपचार कितीही अद्ययावत असला तरी तो अपुरा समजावा.

कायद्याची भीती हाही उपचारातील एक अडसर असतो. एनडीपीएस कायद्याच्या कलम ६४-अ नुसार, केवळ सेवनाचा वा अल्प प्रमाणाशी संबंधित आरोप असलेली व्यसनी व्यक्ती स्वेच्छेने शासनमान्य संस्थेत उपचार घेत असेल, तर तिला खटल्यापासून संरक्षण मिळू शकते. उपचार अर्धवट सोडल्यास मात्र हे संरक्षण काढून घेता येते.

१०. महाविद्यालयाची भूमिका

ग्रामीण महाविद्यालयातील प्राध्यापक हा विद्यार्थ्याच्या घराबाहेरील पहिला जाणता माणूस असतो. वर्गात वारंवार पेंगणे, टाचणीच्या टोकाएवढ्या झालेल्या बाहुल्या, अचानक वाढलेली पैशांची चणचण, खिशात वा वसतिगृहाच्या खोलीत जळालेल्या चंदेरी कागदाचे तुकडे ही लक्षणे एकत्र दिसल्यास शिक्षेपूर्वी संवाद व्हावा. प्रवेश रद्द करून घरी पाठविलेला विद्यार्थी उपचारापासूनही दूर जातो. उपचार घेऊन परतलेल्या विद्यार्थ्याची हजेरी आणि परीक्षा यांबाबत महाविद्यालयाने सहानुभूतीचे धोरण ठेवणे हा पाठपुराव्याचाच भाग आहे.

अतिमात्रेची ओळखही सर्वांना असावी. हाक मारून व हलवूनही जाग न येणे, श्वास अतिशय मंद होणे वा घोरल्यासारखा होणे आणि ओठ निळसर पडणे ही तिची चिन्हे होत. अशा वेळी १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलावावी, श्वास चालू असल्यास व्यक्तीस कुशीवर वळवावे, तिला एकटे सोडू नये आणि काय घेतले असावे हे डॉक्टरांना निःसंकोच सांगावे. रुग्णालयात वेळेवर दिलेले नालोक्सोन प्राण वाचविते. जलद निर्विषीकरणात ज्याचा वापर वादग्रस्त ठरला, तेच औषध येथे संजीवनी ठरते.

राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरांत व्यसनविरोधी फेऱ्या निघतात, शपथा घेतल्या जातात. त्याबरोबरच उपचार कोठे मिळतो, त्याला किती काळ लागतो आणि घरी परतल्यावर काय करावे, ही माहिती गावापर्यंत पोहोचविल्यास त्या उपक्रमास खरा अर्थ येईल.

११. समारोप

वियोगयातनांतून रुग्णाची सुटका करावी, या हेतूने जलद निर्विषीकरणाचा जन्म झाला आणि तो हेतू मानवतेचाच होता. तथापि दोन दशकांहून अधिक काळच्या अनुभवाने असे दिसून आले की भूल देऊन केलेल्या निर्विषीकरणाने यातना नाहीशा होत नाहीत, व्यसनमुक्ती अधिक टिकत नाही आणि प्राणांचा धोका मात्र वाढतो. कमी खर्चाचे व सुरक्षित पर्याय उपलब्ध आहेत. शरीरातून विष उतरविण्यास काही दिवस पुरतात. माणसाला पुन्हा उभे राहण्यास महिने आणि वर्षे लागतात. मोडनिंबच्या एखाद्या घराने जमीन गहाण टाकून एक रात्र विकत घेण्याऐवजी तोच पैसा, तोच धीर आणि तीच माया पुढील वर्षभराच्या पाठपुराव्यासाठी राखून ठेवली, तर मुलगा हाती लागण्याची शक्यता अधिक आहे. ही गोष्ट त्या घरापर्यंत वेळेवर पोहोचविणे हे सुशिक्षितांचे, विशेषतः शिक्षकांचे, कर्तव्य ठरते.